रादोयकाची सात मिनिटं

दंतवैद्य तिहोमिर दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात कॉफीचं पाकीट होतं. किकिंदा गावात कुणाच्या घरी पहिल्यांदा जायचं तर कॉफी घेऊनच जातात, त्यात वावगं काही नव्हतं. पण रादोयका मिशिचला तो टोमणाच वाटला. या गावात कॉफीवरून तिला कुणी काय काय ऐकवलं नव्हतं!

"माझे दात शाबूत आहेत, डॉक्टर," ती दार अर्धंच उघडून म्हणाली.

"दातांचं नाही मावशी. तुमच्याकडे रेडिओच्या जुन्या फिती आहेत असं कळलं."

चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला माणूस आपल्याला मावशी म्हणतोय हे तिला झोंबलं. पण त्यानं हव्या त्या फितीवरचं नाव सांगितलं आणि तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

शहाऐंशी साली रादोयका तीस वर्षांची होती आणि गावच्या रेडिओवर तांत्रिक बाजू सांभाळायची. दर शनिवारी साडेचारला तिथून मुलांसाठी कॉम्प्युटरचे खेळ लागायचे. त्या काळचे घरगुती कॉम्प्युटर कॅसेटवरून चालत, आणि कॅसेटवर खेळ म्हणजे नुसता कर्कश आवाज. तो रेडिओवरून सोडला की मुलं घरोघरी टेप लावून उतरवून घ्यायची. म्हाताऱ्या बायका फोन करून विचारायच्या, "अहो, रेडिओ बिघडला की काय तुमचा?" मुलं मात्र श्वास रोखून बसायची, कारण मध्ये साधं खुट्ट झालं तरी खेळ गेला.

त्या नोव्हेंबरात गावातल्याच एका शाळकरी मुलाचा खेळ लागला. सव्वासात मिनिटांचा. सहाव्या मिनिटाला निवेदक मिलिवोय कॉफी घेऊन आत आला, रादोयकाचं कोपर माइकच्या बटणावर टेकलं आणि अख्ख्या किकिंद्यानं ऐकलं, "मिलिवोय, साखर नको हं, माझी कंबर बघ जरा!"

मुलांनी उतरवलेला खेळ वाया गेला, गाव मात्र महिनाभर हसलं. मग तक्रारीचं एक निनावी पत्र आलं, कार्यक्रमच बंद झाला, आणि साहेबांनी रादोयकाला फितींच्या कोठीत बसवलं. निवृत्त होईपर्यंत तिनं पुन्हा त्या बटणांना हात लावला नाही. बाजारात कुणीतरी अजूनही ओरडायचं, "रादोयका, कंबर कशी आहे?" ती ऐकलं न ऐकलं करून पुढे जायची. रेडिओ बंद पडला तेव्हा फिती कचऱ्यात निघाल्या होत्या. त्यातल्या चाळीस तिनं हातगाडीवर घालून घरी आणल्या. का आणल्या, ते नवऱ्यालाही सांगता आलं नाही तिला.

"तो खेळ मी लिहिला होता," तिहोमिर म्हणाला. "माझ्या कॅसेटवर बहिणीच्या लग्नातली गाणी भरली घरच्यांनी. आता फक्त तुमच्याकडची फीत उरलीय. आम्ही जुने भिडू वाचनालयात जमतोय, आपापले कॉम्प्युटर घेऊन. जिल्ह्याच्या रेडिओनं पाव तास दिलाय. फिती वाजवायचं जुनं मोठं यंत्रही वाचनालयात आणलंय, पण ते चालवणारं कुणी उरलं नाही."

तिहोमिरनं मान खाली घातली.

"अजून एक सांगायचंय. ते पत्र मीच लिहिलं होतं. सोळा वर्षांचा होतो. त्यामुळे तुमची जागा जाईल असं वाटलंच नव्हतं मला."

तिनं दार लावून घेतलं. कॉफीचं पाकीट उंबऱ्यावरच राहिलं.

इतकी वर्षं तिचा संशय मिलिवोयवर होता. त्या बिचाऱ्याच्या अंत्यविधीलाही ती गेली नव्हती. चौथ्या दिवशी तिनं कपाट उघडून दुसरीच एक फीत काढली आणि ती काखोटीला मारून वाचनालय गाठलं. "आधी ही लावून बघायची," एवढंच म्हणाली. पाच मिनिटांत यंत्राच्या तोंडाशी फितीवरून झडलेली तपकिरी भुकटी साचली, फीत किंचाळली आणि चिकटून बसली.

"तुझी फीतही याच वयाची," ती तिहोमिरला म्हणाली. "एकदाच चालेल. चालली तर."

शनिवारी हॉलमध्ये चौदा कॉम्प्युटर मांडले होते. त्यांच्यामागे चौदा पोक्त माणसं, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या नाकावर चष्मा. शाळेतल्यासारखी एकमेकांना ढोसत होती.

"अरे, तुझी वायर उलटी लागलीय!"

"चष्मा लाव आधी, मग बोल!"

रादोयका आत आली तशी कुजबूज झाली. मागून कुणीतरी दबक्या आवाजात "साखर..." म्हणालं. तिहोमिरनं वळून असं पाहिलं की तो माणूस पुढचं गिळून बसला. तिनं आपल्याला ऐकू आलंय असं दाखवलं नाही. सरळ यंत्राशी जाऊन ती फीत ओवायला लागली.

माइकचं बटण बंद आहे का ते तिनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग वायरच उपटून खिशात घातली.

साडेचार. चाक फिरलं. हॉलभर आणि गावातल्या कितीतरी घरांत तो आवाज घुसला, कानात सुई गेल्यासारखा. चौदा टेपची तांबडी बटणं एकदम दाबली गेली. त्यानंतर कुणी खोकलंही नाही.

दुसऱ्या मिनिटाला भुकटी पडायला लागली. रादोयकानं चिमटीत कापूस धरून फितीला न लागेल इतक्या जवळून ती टिपली. तिसरं मिनिट. चौथं. तिहोमिर शेजारी उभा होता, घड्याळाकडे बघत. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण पुसायला हात उचलायचीही त्याला भीती वाटत होती.

पाचवं मिनिट संपता संपता उजवं चाक मंदावलं. रादोयकाला ते आधी ऐकू आलं, मग दिसलं. चाक थांबलं. मधले रूळ फीत पुढे ढकलतच होते, पण पलीकडे ती गुंडाळायला कुणी नव्हतं. फितीचा एक वेढा सुटून खाली लोंबला, मग दुसरा. तो रुळात अडकला की संपलं.

"मावशी..." तिहोमिरचे ओठ नुसते हलले.

तिनं डाव्या हातानं त्याला मागे सारलं आणि उजव्या हाताचं बोट चाकाच्या आऱ्यात घातलं. जास्त ओढलं तर वेग बदलणार, आवाज वाकडा होणार. कमी ओढलं तर गुंता. इतक्या वर्षांत तिनं हे केलं नव्हतं. तिनं डोळे मिटले. फितीचा ताण बोटाला जेवढा लागेल तेवढंच चाक फिरवायचं, तसूभरही जास्त नाही. लोंबणारे वेढे हळूहळू वर चढले. मनगटात कळ निघाली, खांद्यापर्यंत गेली. ती फिरवत राहिली. समोरच्या चौदा माणसांपैकी एकाला शिंक येत होती. त्यानं आपली टोपी तोंडात कोंबली.

सव्वासात मिनिटांनी आवाज संपला. रादोयकाचं बोट अजून फिरतच होतं. तिहोमिरनं ते हातात धरून थांबवलं.

"झालं मावशी. झालं!"

मग सुरू झाली खरी धाकधूक. कॅसेटी उलट गुंडाळल्या गेल्या, कॉम्प्युटरना जोडल्या गेल्या. पुन्हा सव्वासात मिनिटं. पहिला पडदा काळा पडला. दुसराही. तिसऱ्यावर नुसत्या रेघा. कुणीतरी शिवी हासडली. रादोयका भिंतीला टेकून उभी होती, कोट अंगावर चढवलेला, निघायच्या तयारीत.

"आला! माझ्यावर आला!" खिडकीजवळचा जाडा माणूस खुर्ची पाडून उठला. लगेच दुसरा ओरडला, मग तिसरा. चौदापैकी अकरांवर खेळ उतरला. तिहोमिरच्या स्वतःच्या यंत्रावर तेवढा नाही. शेजाऱ्याच्या पाठीवरून वाकून तो बघत राहिला. डोळे भरून आले होते, त्यामुळे त्याला काही दिसत असेल का, देव जाणे.

मग तो तिच्याकडे आला.

"पत्र लिहिलंस ते वाईटच केलंस," रादोयका म्हणाली. "मिलिवोयशी मी अबोला धरला, तुझ्यापायी. ते काही भरून येणार नाही."

"नाही येणार," तो म्हणाला.

"पण त्या वयात हे असलं लिहिलंस! मला वाटायचं, पोरं उगाच काहीतरी खरडतात." ती थांबली. "बघू तरी काय आहे ते. इतके आवाज सोडले मी, पण आत काय असतं ते कुणी कधी दाखवलंच नाही मला."

तिला खुर्ची दिली. पडद्यावर ठोकळ्याठोकळ्यांची घरं होती, आणि धुराडी साफ करणारा, काजळीनं काळा झालेला एक माणूस काखेत शिडी घेऊन छपरांवरून चालत होता. तिनं दुखऱ्या हातानं कळ दाबली. माणूस सरळ खाली पडला. मागची सगळी मंडळी एकदम बोलू लागली, "वरचं दाबा!" "अहो, आधी शिडी टेका!" "गप रे, खेळू दे तिला!"

दुसऱ्यांदाही तो पडला. तिसऱ्या खेपेला पहिलं छप्पर पार झालं, आणि रादोयकानं कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.