सिमल्याहून परत आलेला नारळ

मी तशी फटकळ. रिक्षावाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, कुणाचं ऐकून घेत नाही. पण त्या सकाळी सिमल्यात माझ्या तोंडून दोन शब्द निघायला हवे होते, ते निघाले नाहीत. निघाले ते भलतेच. चार वर्षं झाली. अजून भाजी चिरता चिरता मध्येच आठवतं आणि मी एकटीच मोठ्याने "शी!" म्हणते.

ते दोन शब्द म्हणजे "व्हय म्हाराजा".

आम्ही मूळचे मालवणाकडचे, राहायला घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत. आमच्यात कुठल्याही कामाआधी गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस नारळ हातात धरून देवाला खड्या आवाजात सगळं सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कुणी व्हय म्हटलंच नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. बाबांचा आवाज गिरणीत कमावलेला, यंत्रांच्या वर बोलायची सवय. आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा बाबांनी फ्रिजसाठीसुद्धा गाऱ्हाणं घातलं होतं. "ह्या फ्रिजाक कोणाची नजर लागा नये रे म्हाराजा!" आणि अख्खी गॅलरी ओरडली होती, "व्हय म्हाराजा!" माझी दहावी, माझं लग्न, माझ्या मुलीचं बारसं, काही सुटलं नाही. सगळ्यात मोठा आवाज आईचा असायचा.

माझं सासर मुलुंडचं. दोन पिढ्या ऑफिसात गेलेली, हळू बोलणारी माणसं. मला तिथे कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी लग्नानंतर मी माझ्या बोलण्यातला गावचा हेल काढून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. मीच काढला आणि वर स्वतःवर खूशही झाले.

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी, नाताळच्या सुट्टीत, आम्ही सिमल्याला गेलो. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी, सासू-सासरे आणि बाबा. बाबांना न्यायचा हट्ट माझाच. "इतक्या लांब कित्याक गो?" म्हणत त्यांनी बॅग भरलीसुद्धा. हॉटेलात ती उघडली तर आतून माकडटोपीत गुंडाळलेला, शेंडी ठेवलेला नारळ निघाला.

"बाबा, हे काय?"

"लागतलो," बाबा म्हणाले.

दोन दिवस झकास गेले. सासरे आणि बाबा मॉल रोडच्या बाकावर भाजलेली कणसं खात बसायचे. पण घाटातली वळणं बघून बाबा मनातून घाबरले होते. आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला आणखी वर, बर्फाकडे जायचं होतं.

सकाळी गाडी हॉटेलच्या दारात लागली. पायऱ्यांवर दहा-बारा पाहुणे चहाचे कप घेऊन उभे होते. आम्ही बसणार इतक्यात बाबांनी चपला काढल्या. त्या थंडीत! पुढे काय होणार ते मला कळलं. बाबा पुढच्या चाकासमोर नारळ धरून उभे राहिले आणि तोच गिरणीतला आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां घरदार सोडून इतक्या लांब डोंगरात इलेली आसत, त्यांका सांभाळून घे रे म्हाराजा!"

आणि थांबले. पायऱ्यांवरचे सगळे वळले. एकाने मोबाइल वर केला. मी बुटाची लेस बांधायला खाली वाकले. माझ्या बुटाला चेन होती.

बाबांना वाटलं असेल, मला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुढचं वाक्य आणखी वरच्या पट्टीत घेतलं. "माझ्या विहीणबाईंच्या गुडघ्यांका बळ दी रे म्हाराजा! ह्या थंडीत त्यांका तरास होव देव नको रे म्हाराजा!"

पुन्हा थांबले आणि या वेळी सरळ माझ्याकडे पाहिलं. आईनंतर व्हय म्हणणारी मीच तर होते, दुसरं होतं कोण? माझी मुलगी काहीतरी म्हणायला तोंड उघडत होती, तिला मी दंडाला धरून मागे ओढलं. सासूबाईंचे गुडघे असे चारचौघांत निघालेले ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, बास झालं," मी दात आवळून म्हटलं. "लोक बघतायत. बसा गाडीत."

"बरा," बाबा म्हणाले. चपला घातल्या. गाऱ्हाणं अर्धवट राहिलं की नारळ फोडत नाहीत. त्यांनी तो पुन्हा टोपीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसले. बर्फात दिवसभर उघड्या डोक्याने फिरले. मी टोपी घाला म्हटलं तर म्हणाले, "थंडी खंय आसा?" कान लालबुंद झाले होते. फोटोत मात्र सगळ्यांसारखे हसतायत.

संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळता चोळता सासूबाई म्हणाल्या, "अगं, सकाळी त्यांना का थांबवलंस तू? माझ्या गुडघ्यांसाठी आजवर देवाकडे असं मोठ्याने कुणी मागितलं नव्हतं. मागाहून काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं गं, नाहीतर मीच म्हटलं असतं."

लाज मलाच वाटत होती, माझ्या बापाची. आणि इतकी वर्षं खापर मी मुलुंडवर फोडत होते.

घाटकोपरला उतरल्यावर बाबांनी तो नारळ माझ्या हातात दिला. "घे, सोलकढीक होयत." मला तो फोडवला नाही. फ्रिजवर पडून पडून आतून खडखडायला लागला, तेव्हा नवऱ्याने विचारलं, टाकू का? मी अंगावर गेले त्याच्या. बाबांची माफी मात्र मागितली नाही. रोज त्यांना फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते आणि ठेवते.

गेल्या महिन्यात माझं ऑपरेशन ठरलं. पोटातली गाठ काढायची होती. घाबरले होते, कबूल करते. आदल्या दिवशी नवा नारळ घेऊन घाटकोपर गाठलं आणि बाबांपुढे ठेवला.

"बाबा, गाऱ्हाणं घाला ना. मी व्हय म्हणते. मोठ्याने म्हणते."

बाबांनी नारळ उचलला, कानाशी हलवून पाणी आहे ना बघितलं आणि परत माझ्या पिशवीत ठेवला.

"अगो, घातलंय. सकाळीच. मनातल्या मनात."

"आणि व्हय कोण म्हणालं?"

"मीच म्हटलंय," बाबा म्हणाले. "तुका कित्याक तरास?"