गाडीत कोण बैसलंय?

रेल्वेवर इतका जीव टाकणारा आणि रेल्वेत इतका कमी बसलेला माणूस अख्ख्या तमिळनाडूत दुसरा सापडायचा नाही, हे मी अगदी छातीठोकपणे सांगते. तंजावूरच्या ट्रेनिंग सेंटरात हे गृहस्थ आम्हाला सिग्नल शिकवायचे. गाडी स्टेशनात कशी घ्यायची, कशी सोडायची, कुठली लाइन द्यायची, सगळं त्यांच्या बोटांवर. आणि स्वतः कुठं जायचं झालं की बस! कुंभकोणमला लेकीकडे बस, तिरुवैयारुला गाणं ऐकायला बस, मदुरैला देवाला बस. रेल्वेचे फुकट पास दरवर्षी कपाटात पडून वाया जायचे आणि त्यावरून मामी, म्हणजे त्यांची बायको, वर्षभर भांडी आपटायची. मी एकदा धीर करून कारण विचारलं. "अगं, त्या गाड्या सोडतं कोण?" ते म्हणाले. "मी शिकवलेली पोरंच ना? मी ओळखतो की त्यांना!"

मी मूळची कराडची. परीक्षा दिली, पास झाले आणि नेमणूक आली थेट तंजावूरला. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. पहिल्याच दिवशी या गृहस्थांनी माझं नाव वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "कॉफी होणं का?" मला वाटलं, कॉफी अजून व्हायचीय. म्हटलं, "होईल की, घाई नाही." ते हसत सुटले. त्यांच्या तंजावरी मराठीत ‘होणं’ म्हणजे ‘हवं असणं’. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांमागं इकडं आले आणि येताना आणलेली मराठी यांनी जपून ठेवली. ते ‘बस’ म्हणत नसत, ‘बैस’ म्हणत. उलट माझीच मराठी त्यांना बिघडलेली वाटायची. "तुमच्याकडची भाषा फार पातळ झाली हो," असं ते माझ्या तोंडावर सांगायचे, जसं काही मीच तिच्यात पाणी घातलंय. वर्गात सगळे त्यांना सर म्हणत. मी मात्र त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहायला गेले आणि माझे ते मामा झाले.

आता त्यांच्या सिम्युलेटरबद्दल. सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवरचं खोटं स्टेशन. खोटे रूळ, खोटे सिग्नल, आणि गाडी म्हणजे स्क्रीनवर सरकणारी एक रेघ. बाकीच्यांना रेघ दिसायची, मामांना गाडी दिसायची. रेघेला उशीर झाला की ते हळूच "माफ करा हं" म्हणायचे, कुणाला ते देव जाणे. शिकवताना मुद्दाम बिघाड घालायची त्यांना सोय होती. त्यातलं पावसाचं बटण दाबलं की आधी उठून वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायचे. बाहेर चित्रैचं, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखाचं ऊन आणि आत आम्ही घामाघूम! आणि सिग्नल देण्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला: "गाडीत कोण बैसलंय?" उत्तर द्यावंच लागे, आणि ‘प्रवासी’ हे उत्तर चालत नसे. नावानिशी माणूस हवा. कुणी म्हणायचं माझा भाऊ, कुणी म्हणायचं आमचे वाणी. एकानं वैतागून "सासू" म्हटलं, तर मामांनी त्याला त्या दिवशी सिग्नलच्या पॅनेलला हातच लावू दिला नाही.

मी माझ्या आईला बसवलं होतं. चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन ती कराडहून मला भेटायला येत होती. गाडी सिग्नलपाशी आली आणि पॅनेलवर माझ्या लाइनीचा लाल दिवा लागला. लाल म्हणजे लाइनीवर काहीतरी उभं आहे. किंवा काहीच नसतं आणि नुसता बिघाड असतो. मी मनात म्हटलं, हा मामांचा बिघाड, दुसरं काय! आपण शहाण्या. लाइन बघायला माणूस न पाठवताच मी गाडीला आत यायचा लेखी हुकूम देऊन टाकला. आत मालगाडी उभी होती. दोन रेघा एकमेकींत शिरल्या, एवढंच झालं. मी हसले, खोटं कशाला सांगू. मामा उठले, चष्मा टेबलावर ठेवला, मागच्या नळावर गेले आणि कपड्यांसकट डोक्यावरून बादली ओतून घेतली. परत येऊन तसेच निथळत उभे राहिले. "तुझी आई गेली," म्हणाले, "निदान आंघोळ तरी करावी ना कुणी." मग मी जी रडायला लागले ती जेवायच्या सुट्टीपर्यंत. दुपारी मामीनं ताक पुढं केलं तेव्हा मी फणकाऱ्यानं मामांना बजावलं, "एक दिवस तुम्ही माझ्या सिग्नलवरनं रेल्वेनं जाल, बघाच!" मामा भात कालवत म्हणाले, "बघू. तोवर बस आहे."

पुढं मी पास झाले आणि कुंभकोणमच्या वाटेवर एका चिमुकल्या स्टेशनात मास्तर झाले. सभोवार भातशेती, कालवा आणि नारळ. मामाही निवृत्त झाले. बस काही सुटली नाही. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बसच्या पायऱ्या चढवेनात, आणि तशातच लेकीला बाळ झालं. बारशाच्या आदल्या आठवड्यात मला फोन. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. "शुक्रवारी सकाळी पॅनेलवर कोण?"

"मी," म्हटलं.

"बरं," म्हणाले आणि ठेवला फोन.

शुक्रवारी मागच्या स्टेशनातून त्यांची गाडी सुटली आणि माझ्या लाइनीचा लाल दिवा लागला. तोच दिवा! बाई गं, नशिबाला दुसरा दिवस नव्हता का? खिडकीतून बघावं तर लाइन मोकळी दिसत होती. पण पलीकडं वळण होतं, तिथलं दिसत नव्हतं. मी आमच्या पॉइंट्समनना, म्हणजे रुळांचे सांधे सांभाळणाऱ्या अण्णांना म्हटलं, "अण्णा, शेवटापर्यंत चालत जा आणि डोळ्यांनी बघून या." अण्णा गेले. गाडी बाहेर उभी. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, कंट्रोलचा फोन ओरडतोय, गेटवर मोपेडवाले माझा उद्धार करतायत. आणि मी बसलेय दाताखाली ओठ धरून. गाडीत कोण बैसलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. अण्णा आले ते घाम पुसत. लाइनीवर काही नव्हतं, कालव्याचं पाणी रुळांखाली साचून दिवा लागला होता, इतकंच. मग हुकूम लिहिला आणि गाडी हळूहळू आत आली. मी हिरवा झेंडा घेऊन बाहेर उभी. तिसऱ्या डब्यात खिडकीशी मामा दिसले. मान खाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांनी रेल्वेत बसले आणि मी त्यांना पाऊण तास उन्हात तापवलं. आता कसले परत बसतायत, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी राहवेना म्हणून मामीला फोन केला. "मामा रागावलेत का गं?"

"ऐय्यो, राग कसला!" मामी म्हणाली. "तंजावूर सोडल्यापासून खिडकीचे गज धरून ताठ बैसले होते. माझ्याशी बोलेनात, पाणी पिईनात. गाडी बाहेर थांबली तशी म्हणाले, ‘लाइन बघायला माणूस पाठवलाय पोरीनं.’ आणि गज सोडून झोपले की! कुंभकोणमला हलवून उठवावं लागलं त्यांना."

आता ट्रेनिंग सेंटरात नवं यंत्र आलंय. त्यात गाड्या गाड्यांसारख्या दिसतात, पाऊसही खरा वाटतो म्हणे, पण खिडक्या लावायला कुणी उठत नाही. मामांच्यानं आता फारसं कुठं जाणं होत नाही, ना बसनं, ना रेल्वेनं. मी मात्र सिग्नल देण्याआधी अजून मनात विचारते, गाडीत कोण बैसलंय? आणि गाडी कुठलीही असो, मला दर वेळी तिसऱ्या डब्यात खिडकीशी मान टाकून झोपलेला एक म्हातारा दिसतो.