केवळाआत्याचं पितळ आणि गल्लीचं गटार

केवळाआत्याच्या घरचं पितळ सगळ्या गल्लीला माहीत होतं. चिंच आणि राख घेऊन ती मोरीत बसली की दोन तास उठायची नाही. हंड्यात तोंड दिसायचं. माझ्या आईला, म्हणजे तिच्या भावजयीला, हे मुळीच खपायचं नाही, कारण लोक मग आमच्या भांड्यांकडे बघून नाक मुरडायचे. आत्याचं ते घासणं हौसेचं नव्हतं, भीतीचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

नांदेडात गोदावरीच्या उतारावर आमच्या चार गल्ल्या आणि चारही गल्ल्यांत मिळून एकच आड. घराघरांतलं सांडपाणी उघड्या नालीतून वाहायचं आणि आडाशेजारी साचायचं. पोलीस ॲक्शनच्या सात-आठ वर्षं आधी पटकीची साथ आली, त्यात आत्याची सिंधू दोन दिवसांत गेली. सहा वर्षांची होती. तिचा छोटा पितळी गडू आत्या रोज घासून फळीवर ठेवायची. त्यातून कुणाला पाणी पिऊ द्यायची नाही.

त्याच वर्षी तिने गल्लीत बंद गटार बांधून द्या म्हणून अर्ज करायला सुरुवात केली. तिला अक्षर येत नव्हतं आणि निजामाच्या राज्यात अर्ज तर उर्दूत लागायचा. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याच्या चटईवर पुरुषांत ती एकटीच बाई बसलेली असायची. लोह्याजवळच्या शेतावरून शेषेरावमामा, म्हणजे तिचे यजमान, आठवड्याला घरी यायचे आणि म्हणायचे, "बाईमाणसानं कचेरीत कशाला जावं?"

"तुमी जाताव का मग?" असं ती विचारायची, की मामा पानाचा डबा शोधायला लागायचे.

तीन वर्षांनी उदगीरकडचे विरूपाक्ष ओव्हरसियर टेप घेऊन आले. आमच्या गल्लीत भाजक्या मातीचे नळ पुरले, घराघरातली मोरी त्याला जोडली, वर लोखंडी झाकणं बसवली. हे भुयारी गटार सहा महिने नीट चाललं, तर उरलेल्या तीन गल्ल्यांना मंजुरी, असं त्यांनी बजावलं होतं. आत्या झाकणाला हळदकुंकू लावून आली. मला हसू आलं म्हणून तिने माझ्या पाठीत धपाटाही घातला.

चौथ्या महिन्यात गटार तुंबलं, आणि तेही नेमकं आत्याच्या दारात. झाकणातून घाण उसळून उंबऱ्याला लागली. "वरच्या गल्लीवाल्यांनी दगड टाकलेत, जळतात मेले," शेजारच्या लक्ष्मीबाईने ठणकावून सांगितलं. सगळ्यांना ते पटलं, मलाही.

ओव्हरसियर आले. त्यांनी बांबूची लांब कामटी आत घालून ओढली. दगड निघाला नाही, करड्या राखेचा घट्ट गोळा निघाला, त्यात चिंचेचा चोथा आणि चिंचोके. गल्लीत इतकी चिंच कोण वापरतं, हे सांगायची गरज नव्हती.

"लोकांना वापरता येत नाही, असंच लिहावं लागतं बघा," ओव्हरसियर वही काढून म्हणाले. "पुढचं काम थांबेल."

आत्याचा चेहरा पांढरा पडला. पण ती पुढे झाली. "साहेब, राख माझी हाय. लिहा, केवळाबाईला वापरता आलं न्हाई. गल्लीवर लिहू नका. मला आठ दिवस द्या."

"बरं. सफाईवाल्याला पाठवतो."

"कशाला? माझी राख, मी काढते."

तिने पदर खोचला, ओणवी झाली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आई तोंडाला पदर लावून घरात पळाली. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा रागही येत होता. तेवढ्यात मामांची गाडी आली. आता ओरडतील म्हणून मी भिंतीला चिकटले. मामांनी बैल सोडले, कामटी उचलली आणि विचारलं, "कुठवर गेलंय?"

दोघांना तीन दिवस लागले. मग आत्याने रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून, त्यांना खिळ्याने भोकं पाडून घरोघरच्या मोरीत जाळ्या बसवल्या. "आता भांडी बी घासू नको का?" लक्ष्मीबाई भडकली.

"घास की. घमेल्यात घास, राख उकिरड्यावर टाक." आणि जाळी बसल्याशिवाय आत्या तिथून हलली नाही.

आठव्या दिवशी ओव्हरसियरांनी वरून दोन घागरी ओतून पाहिलं. पाणी सरळ निघून गेलं. वहीतलं पान त्यांनी फाडलं नाही, खाली एक ओळ लिहिली आणि आत्याला वाचून दाखवली: राख अडली होती, बाईने स्वतः काढली, सहा महिने पुरे झाले की पुढचं काम सुरू करावं.

आत्याने मात्र चौथ्या गल्लीत नळ पडेपर्यंत पितळाला राख लावायची नाही, असं ठरवलं. दोन वर्षं लागली. हंडे काळे पडले, गडूसुद्धा. पाव्हणे बघायचे, आई मनातून खूश होती.

शेवटचं झाकण बसलं त्या दिवशी आत्या अंगणात घमेलं घेऊन बसली. पहिल्यांदा सिंधूचा गडू घासला. मग पोहरा घेऊन आडावर गेली, गडू भरून आणला आणि माझ्यापुढे धरला.

"पी," ती म्हणाली. मी सगळं पाणी प्यायले.