बाळाच्या मापाचा मोजा

शिवणआत्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी पायांकडे. दारात चर्चचे पाळकसाहेब येवोत की भंगारवाला, तिची नजर आधी खाली जायची आणि मग सावकाश वर यायची. याबद्दल कुणी टोकलंच तर म्हणायची, "तोंड काय, हसून दाखवतंय. पायाला न्हाई हसता येत." लग्नासाठी मुलगी बघायला गेली तरी हेच. एकदा तर नवऱ्या मुलाच्या टाचांच्या भेगा बघून तिनं स्थळाला पसंती दिली होती, कारण पोरगा कष्टाचा आहे याचा तिला तो पुरावा वाटला. लग्न चांगलं टिकलं, त्यामुळे नंतर कुणी तिच्याशी वाद घातला नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नगरच्या एका दवाखान्यात चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे हिरवे झगे शिवायची, म्हणून सगळ्या आळीत शिवणआत्या. मिशनच्या आवारात वाढलेल्यांना अशा बायका ठाऊक असतील. गळ्यात टेप, पदराला टोचलेली दोऱ्याची सुई आणि चष्म्याची काडी मोडलेली म्हणून तिथेही दोराच. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, एका शाळेत शिपाई होते. घरात दोन खोल्या आणि चार मुलं, त्यात आम्ही दोघं जाऊन पडलो, मी आणि माझा पाच वर्षांचा भाऊ दानी.

ते बहात्तर साल. आमचं गाव खर्ड्याच्या पलीकडे, तिथे विहिरीत नुसते दगड दिसायचे. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथे उन्हात दानीला कुठं बसवणार, म्हणून दिवाळी झाल्यावर वडिलांनी आम्हाला एस. टी.त घातलं आणि नगरला आणून सोडलं. आत्येनं दारातच आमचे पाय पाहिले. कोमट पाण्याचं घमेलं आणलं, दोघांना त्यात उभं केलं आणि माझ्या टाचेतला जुना काटा तिच्या शिवणाच्या सुईनं काढला. वडील निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "रुती, आक्काला भार होऊ नका." मी नऊ वर्षांची होते आणि हे वाक्य मी अगदी मनावर घेतलं.

मनावर घेतलं म्हणजे काय, तर मी त्या घरात कमी व्हायचा प्रयत्न सुरू केला. रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी अर्धी खायची आणि पोट भरलं म्हणायचं. काही वाटप सुरू झालं की पाणी भरायला निघायचं. दानीलाही मी हळूच चिमटे काढून गप्प बसवायची. भार झालो तर आत्या आम्हाला परत पाठवेल आणि दानी खडीच्या ढिगाऱ्याशी उन्हात बसेल, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं होतं. आत्येला हे सगळं दिसत असणार, कारण माझ्या ताटात ती दुपटीनं मोठी भाकरी दोन तुकडे करून वाढायला लागली. अर्धी म्हणून मी जी खायची, ती पुरती एक भाकरी असायची. हा हिशेब मला फार उशिरा कळला.

आमच्या गावी नाताळ म्हणजे ढोलकीवरची गाणी, करंज्या आणि जमलं तर नवं कापड. मोजे टांगायची भानगड आम्हाला माहीत नव्हती, ती नगरच्या आवारातल्या घरांत कुणा मडमेच्या काळापासून चालत आलेली. त्यामुळे नाताळ आठवड्यावर आला तेव्हा आत्येनं सगळ्यांना बसवून सांगितलं, "ज्याचा त्याचा मोजा. नाव घातलं म्हंजी भांडण न्हाई," आणि ती कामावर निघून गेली. चौघं भावंडं खेळायला पळाली. मी मात्र खोलीत बसून ज्याचं त्याचं, म्हणजे माझं, मोजलं.

संध्याकाळी आत्येपुढे उभी राहून मी आकडा सांगितला. पाच. तिनं विचारलं, काय पाच? म्हटलं, दोन झगे, एक पाटी, एक फणी आणि दानी. आत्येचा थोरला, सुधाकर, जमिनीवर लोळून हसायला लागला. आत्येनं त्याच्याकडे नुसतं चष्म्यावरून पाहिलं, तेवढ्यानं तो उठून बसला. मग मला जवळ ओढून म्हणाली, "दानीला मोजलंस ते बरं केलंस. पन आत्या कुठं गेली? मला न्हाई मोजलंस?" मग तिनं मोजा म्हणजे पायमोजा, तो कशासाठी टांगतात, सकाळी त्यात काय निघतं, हे सगळं समजावून सांगितलं. ऐकून मी लगेच म्हटलं, की आम्हाला दोघांना नको, आमच्या गावात तसं करत नाहीत. आणि माझ्याकडे मोजा तरी कुठं होता, आम्ही अनवाणीच आलो होतो.

आत्या म्हणाली, "तुझ्या पायाचा मागतंय कोन? वाढदिवस कुनाचा हाय? बाळाचा. मग मोजा बाळाच्याच मापाचा. आमच्या घरची रीत हाय ती."

आणि खरंच, तिनं दवाखान्यातल्या कातरणातून सहा मोजे शिवले, तान्ह्या मुलाच्या पायाला येतील एवढे. माझी चार बोटं आत घातली की मोजा भरायचा. हिरवं कापड, वर पांढरी पट्टी, पट्टीवर लाल दोऱ्यानं प्रत्येकाचं पहिलं अक्षर. हे कातरणसुद्धा तिनं सिस्टरबाईंना विचारून घेतलेलं. रोज फाटकातून बाहेर पडताना ती आपली पिशवी उघडून पहारेकऱ्याला दाखवायची. तो बिचारा कंटाळून आभाळाकडे बघायचा, पण ही त्याला चिंधी न् चिंधी बघायला लावायची.

मोजे भरायची तिची तयारी मग आठवडाभर चालली. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या ती मागून आणायची आणि चुलीवर दोन-दोनदा उकळायची. त्यांत रंगीत बडीशेप भरली की बाजारात मिळणार नाही अशी वस्तू तयार. बाटलीच्या रबरी बुचात काडी खुपसली की भिंगरी. पेन्सिलीचे ती बरोबर मधोमध दोन तुकडे करायची, दोन्हींना टोक काढायची आणि तुटलेल्या कडा काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत करायची. मोज्याचं मापच एवढं, की अखंड पेन्सिल त्यात बसलीच नसती, त्यामुळे अर्धी पेन्सिल अर्धी वाटायचीच नाही. लिंबाच्या गोळ्या दोन टाकल्या की मोजा गच्च. सहा मुलांचा नाताळ त्या बाईनं एका सुपात मांडला होता आणि सुपात जागा उरली होती.

नाताळच्या दिवशी उपासनेहून आल्यावर खिडकीच्या गजाला बांधलेल्या सुतळीवरून एकेक मोजा खाली आला. मी हात मागे बांधून उभी होते. सवयच लागली होती. आत्येनं माझा हात पाठीमागून सोडवला आणि त्यावर 'रु' अक्षराचा मोजा ठेवला. बाटली, भिंगरी, पेन्सिल, गोळ्या, सगळं सगळ्यांसारखंच. तळाशी मात्र प्रत्येकाला एक वेगळी गोष्ट होती. माझ्या मोज्यात फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचलेली एक नवी सुई निघाली आणि तिच्या नाकात लाल दोरा ओवलेला. दानीला काचेची गोटी. तो मोजा हातात घालूनच दिवसभर हिंडला, आणि झोपतानाही काढू देईना. मुलं कुणाची बडीशेप जास्त हे बघायला लागली तेव्हा आत्या आतून ओरडली, "मोजा मोजायचा न्हाई." हा शब्दांचा खेळ आपण केला हे तिला स्वतःलाच कळलं आणि ती एकटीच बराच वेळ हसत राहिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या घरात मागून वाढून घेतलं. करंजी घेतली, तीही दोन.

त्या सुईनं मी शिकले. आधी बटण, मग काज, मग काकांच्या सदऱ्याची कॉलर उलटवणं. आत्या शिकवताना रागावायची नाही, फक्त वाकडी शिवण आपणच उसवून परत माझ्या हातात द्यायची. पुढे शाळेत मास्तरीण झाले तेव्हा मुलांच्या वह्या तपासताना मीही हेच करत आले. चूक दाखवायची आणि वही परत द्यायची, आवाज चढवायचा नाही. हे मला ट्रेनिंग कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

पाऊस पडला आणि वडील आम्हाला न्यायला आले. मला वाटलं होतं, आता मोज्यांचं संपलं. पण त्या वर्षीच्या डिसेंबरात जामखेडच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर आत्येची पुडी आली, दोन इवलेसे हिरवे मोजे, गच्च भरलेले. मग दरवर्षी येत राहिली. मी नाताळच्या सुट्टीत नगरला जायची तेव्हा तिच्या खिडकीतही तसलेच चार टांगलेले असायचे. माझ्या मुलांनाही तिनं तेच पाठवले. बाळाच्या सणाला बाळाच्या मापाचा मोजा ही आमच्या आत्येच्या घरची जुनी रीत, असं मी किती जणांना कौतुकानं सांगितलं असेल. संडे स्कूलमध्ये तर दोनदा यावर भाषण ठोकलंय.

आत्या गेली ती ऐंशी ओलांडून, झोपेतच. मातीला सगळी आळी आली होती. दोन दिवसांनी दुपारी मी आणि सुधाकर तिची पत्र्याची पेटी आवरत होतो. सुधाकर आता बँकेतून निवृत्तीला आलेला, डोक्यावर एक केस नाही. पेटीच्या तळाशी डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं एक फडकं निघालं. त्यात चार मोजे होते, लोकरीचे, हातानं विणलेले, गुडघ्यापर्यंत येतील एवढे लांब. वर अक्षरं. पहिल्यावर 'सु'.

मी विचारलं, हे कुठले? सुधाकरनं 'सु'चा मोजा मांडीवर सरळ करून ठेवला. मग म्हणाला, "आमचे नाताळचे. तुम्ही यायच्या आधी हेच टांगायचो." त्या साली सहा लांब मोजे भरणं तिला शक्य नव्हतं, आणि चार मोठे, दोन छोटे तिला चालणार नव्हते. त्या संध्याकाळी मी पाच मोजून आमचं नको म्हटलं, तेव्हा बाळाच्या मापाची गोष्ट तिच्या तोंडून तिथल्या तिथे निघाली. दुसऱ्या दिवशी चौघांना दवाखान्याच्या फाटकाशी बोलावून तिनं बजावलं होतं, की रुतीला आणि दानीला हे कळता कामा नये. चौघं महिनाभर आईशी धड बोलत नव्हते, हेही त्यानं सांगितलं.

मी म्हटलं, पण पुढच्या वर्षी तरी तुमचे मोठे मोजे परत काढायचे होते. तो म्हणाला, "कसे काढणार? तू सुट्टीत यायचीस ना."

चार मुलांचं पुढचं सगळं बालपण त्या लोकरीच्या मोज्यांवाचून गेलं होतं आणि एकानंही कधी चकार शब्द काढला नव्हता. भांडणातसुद्धा नाही. मला रडू आवरेना. रडत रडतच मी त्याला म्हटलं, अरे, मोठी झाल्यावर सांगायचं, माझं लग्न झाल्यावर सांगायचं, इतकी वर्षं कशाला गप्प बसलात?

सुधाकरनं एकदा आतल्या खोलीतल्या आईच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आईनं नको म्हटलं होतं."