आत्या अंगणात का झोपायची

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही.

माझी आत्या आमच्याकडे राहायची, निलंग्याला. भूकंपात तिचा नवरा आणि दोन्ही लेकरं घराखाली गेली. ती पहाटे परसाकडे गेली होती, म्हणून तेवढी वाचली. त्यानंतर तिनं छताखाली पाठ टेकली नाही. पाऊस असला की पत्र्याखाली, एरवी अंगणात. माझ्या बायकोनं नाकदुऱ्या काढून काढून तिला समोरच्या खोलीत झोपायला आणलं — त्याला कित्येक वर्षं लागली.

आणि मला ती खोली हवी होती. मी भूगोल शिकवतो. शिकवणीला बाकं टाकायची होती. पण बाहेर झोप, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? म्हणावं लागलंच नाही.

एका सकाळी पेपरात आलं, लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार. मी मोठ्यानं वाचलं — मुद्दाम. आत्या ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला.

"पडंल का रं आपल्यावर?"

खालीच छापलं होतं, चंद्राच्याही कितीतरी पलीकडून जाणार, धोका नाही. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी पेपरची घडी घातली. म्हणालो, "काय सांगावं, आत्या."

त्याच दिवशी तिची खाट अंगणात गेली. तो दगड आला तसा गेला. मग तिनं विचारलं, "आनखी हायेत का रं असले?" मी म्हणालो, हायेत की, येतच राहतात. हे तर खोटं नव्हतं — नाही का? आठवड्यात बाकं आली. बायकोनं आत्याला पुन्हा समजावून पाहिलं, मग नाद सोडला.

वाईट वाटलं का? खरं सांगू — नाही. बॅच भरली होती.

पुढं एकदा शिकवणीत एका मुलीनं घाबरत विचारलं, सर, लघुग्रह आपल्यावर पडेल का? मी हसलो. छे, म्हणालो, हे सगळे चंद्राच्या पलीकडून जाणारे, त्यांचे रस्ते आधीच मोजून ठेवलेत, खुशाल घरात झोपा. बोलता बोलता खिडकीकडे लक्ष गेलं. बाहेर आत्या उभी होती, हातात वाळलेले कपडे. तिनं सगळं ऐकलं होतं.

मुलं गेल्यावर मी अंगणात गेलो. तीच बोलली, माझ्याकडे न बघता. "राहू दे लेकरा. पोरं शिकायलीत. मला बाहीरच बरं हाय."

मी बरं म्हणालो. आत येऊन फळा पुसला.

गेल्या थंडीत ती गेली, तापानं, त्याच खाटेवर. मातीला आलेले लोक म्हणाले, भूकंपाची भीती काही शेवटपर्यंत गेली नाही बिचारीची. मी मान हलवली. रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

भीती तिची त्या खिडकीपाशीच गेली होती. त्यानंतरचे दोन हिवाळे ती माझ्यासाठी बाहेर झोपली — आणि मी झोपू दिलं.