हिरड्यांचं पोस्टर

दातांच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. तोंडात आरसा गेला की बोलता येत नाही, म्हणून पेशंट आधीच सगळं बोलून घेतो!

बेंगळुरूहून शिकून आदिलाबादला परतले, तेव्हा वाटलं होतं, हिरड्यांतल्या जंतूंचा मेंदूशी, मनाशी संबंध असू शकतो असं सांगितलं की लोक धावत येतील. हौसेनं बाहेर पोस्टर लावलं : 'हिरड्या सांभाळा, मेंदू जपा!' आठवडाभरात बाकडी रिकामी.

रिसेप्शनवरच्या सुमनकाकू म्हणाल्या, "म्याडम, इथं आला तो डोक्यानं गेला, असं म्हणून राह्यले लोक! काढा ते पोस्टर."

"नाही काढणार!"

*

समोरचे किराणावाले शेठ दाढ धरून आले. रस्ता ओलांडून, पायी, हेल्मेट घालून!

"शेठ, गाडी कुठंय?"

"गाडी काऊन पाह्यजे? गिऱ्हाइकं पाहून राह्यले ना!"

*

जवळच्या मावला गावच्या एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन आल्या. मी चिठ्ठी लिहायला घेतली, तर त्यांनी माझा हातच धरला.

"दात लिवा, हिरड्या लिवा. मेंदू तेवढा लिवू नका. सोयरीक जमून राह्यली!"

*

एका आजोबांना कवळी करून दिली होती. विचारलं, "रोज घासता ना? जंतू होतात."

"कशाले होतीन? जेवताना मी तिले काढून ठेवतो. जंतू खातीन काय?"

*

आणि मग आल्या तलमडुगूच्या विठाबाई. भाजी पिकवतात. भर दुपारी पोस्टरसमोर उभ्या राहिल्या आणि तोंड न लपवता सरळ आत. मी सुमनकाकूंकडे विजयी नजरेनं पाहिलं!

"कोणता दात दुखतो, मावशी?"

"दात नाई दुखत, बाई. मन लागत नाई. नुसती बसून राह्यतो. डोक्याच्या डॉक्टरकडं गेली असती तं सोयऱ्यांनी येडी ठरवली असती. इथं दोन्ही पाह्यतेत म्हने. गावात सांगितलं, दात दाखवून येतो!"

त्यांच्या हिरड्या खरंच सुजल्या होत्या. तेवढं माझ्या हातात होतं, बाकीचं नाही. सुमनकाकूंनी त्यांना चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टर उतरवलं आणि आत, खुर्चीसमोर लावलं. मग मानसोपचार करणाऱ्या मैत्रिणीला फोन केला :

"दर बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येऊन बस. बोर्ड मात्र दातांचाच राहील!"