सगळ्यांच्या मागे गोरड सर

गोरड सर आम्हा शिक्षकांना पाठीवरून ओळखत. विश्रामबागेतल्या आमच्या शाळेचे ते मुख्याध्यापक, पण कुठेही निघालो की सगळ्यांच्या मागे चालत. "बाई, आज खांदं पडल्यात. बरं न्हाई का?" असं मागून विचारत, आणि मला खरोखरच कणकण असायची.

सर दुष्काळी माण तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी वडिलांबरोबर कळपामागे हिंडलेले. "आमचा आबा कवाच पुढं चालला न्हाई," ते सांगत. "कोण लंगडतंय ते मागच्यालाच दिसतं."

मी ऊसवाल्या गावातली, फौजेतल्या सुभेदाराची मुलगी. वडील अंगणात खाकरले की आमचं घर सरळ उभं राहायचं. त्यामुळे सुरुवातीला सरांचा मला रागच यायचा. बैठकीत ते कडेच्या खुर्चीत बसत आणि शिपायासकट सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प राहत. बरेचसे शिक्षक माझ्यासारख्याच घरांतले. त्यांना हुकूम हवा असे. बहात्तरच्या दुष्काळात कोणती मुलं उपाशी येतात हे सरांनाच आधी कळलं आणि त्यांनी गुपचूप त्यांच्या खाण्यासाठी सुकडीची सोय केली. तरीही आमची मंडळी त्यांना मऊच म्हणत राहिली. मधल्या सुट्टीत चहाला त्यांच्या शेजारी सहसा कुणी बसत नसे.

संस्थेचे अध्यक्ष फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी सरांना बजावलं, "सव्वीस जानेवारीची प्रभातफेरी तुम्ही स्वतः पुढे राहून मैदानावर आणायची. जमत नसेल तर खुर्ची दुसऱ्याला देऊ."

आदल्या दिवशी मी सरांना विनवलं, "उद्या तरी पुढे चला."

"चालतो की," ते म्हणाले.

आणि चाललेही. पण सारखं मागे वळून बघत, त्यामुळे रांगच अडखळू लागली. एका वळणावर चित्रकलेचे मास्तर दिसेनात. त्यांना दमा होता. सरांनी झेंडा माझ्या हातात दिला. "बाई, तुमी व्हा पुढं. मी आलोच."

मी मुलांना मैदानावर नेलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, थोडं थांबले आणि ध्वजाची दोरी ओढली. राष्ट्रगीत संपलं तेव्हा सर मास्तरांचा हात धरून फाटकातून आत येत होते.

सरांची बदली संस्थेच्या माणमधल्या शाळेत झाली. खुर्ची मला मिळाली.

एसटी स्टँडवर निरोपाला मी एकटीच गेले. सर म्हणाले, "आता तुमी पुढं चालणार. लय चांगलं. पर अधनंमधनं मागं बगत जावा."

गाडीला वेळ होता, तरी त्यांनी मला घरी पिटाळलं. कुणाला मागे ठेवून आपण आधी निघायचं, हे त्यांना जमणारच नव्हतं. चालताना मला फार एकटं वाटत होतं. स्टँडच्या फाटकापाशी मी वळून पाहिलं. सर ट्रंकेजवळ उभे होते, माझ्या पाठीकडे बघत. त्यांच्या पाठीकडे बघणारं तिथे कुणीच नव्हतं.